समुद्र न पाहिलेला माणूस पाहिजे

मिरजेजवळच्या एका शाळेत मी सातवीच्या वर्गाला भरती-ओहोटी शिकवत होतो. भरती झकास पार पडली. ओहोटीला आलो तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, ओहोटीला पानी कमी होतंय, तर ते जातंय कुठं?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मला माहीत नव्हतं. पण हातात खडू असला की माणसाला 'माहीत नाही' असं म्हणवत नाही. मी क्षणभर फळ्याकडं पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "आपल्याकडं येतं. म्हणून तर पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो!"

वर्गाचं समाधान झालं. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांचंही झालं. त्यांनी दोनदा मान डोलावली. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. फक्त वर्गाच्या मागं, देवमाशाच्या मणक्यावर बसलेला एक माणूस तोंडात रुमाल कोंबून गदगदा हलत होता.

तो मणका म्हणजे देवमाशाच्या पाठीच्या कण्यातलं एक हाड. आकारानं मोठ्या पाटाएवढं. आणि त्यावर बसलेला माणूस म्हणजे आमचे कप्तान.

त्यांनी रुमाल खिशात घातला, पुढं आले, मुख्याध्यापकांच्या घरून एक परात मागवली, तीत पाणी ओतलं आणि त्या मुलीलाच ती एका बाजूनं उचलायला लावली. "आता बघ. हिकडचं पानी कमी झालं. गेलं कुठं?"

"तिकडच्या काठाला."

"मंग झालं की! हितं ओहोटी, तितं भरती. आन गुरुजींनी पूर सांगितला तो तुमी कान उघडे ठेवल्यात का बघायला."

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून म्हटलं, "कप्तान, फार चुकलं का हो?"

"चुकलं?" त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझ्या हातातला शंख पडला. "अरं गड्या, समुद्र बघितलेल्या मानसाच्या बापाला असली चूक जमायची न्हाई! मी मानूस बरोबर निवडलाय."

त्यांनी माणूस कसा निवडला होता ते सांगायला हवं. सांगलीत आमची एक लहानशी लोकशिक्षणाची संस्था होती. प्रौढांचे साक्षरता वर्ग, बायकांचं शिवणकाम, एक वाचनालय आणि 'सागर विभाग'. समुद्र तिथून घाट ओलांडून कुठल्या कुठं. तरी हा विभाग होता, कारण कप्तान होते. विभागात माणसं दोन, कप्तान आणि मी. जागा भरायची तेव्हा त्यांनी संस्थेच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'समुद्र न पाहिलेला माणूस पाहिजे.' सांगलीत अर्ज करायला अख्खा गाव पात्र होता. पण तेव्हा बीएस्सी होऊन घरी बसलेला आणि पोहता न येणारा मी एकटाच होतो.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सिनेमात तरी बघितलायस का?"

"एकदा. पण पुढं उंच माणूस बसला होता."

"ठीक हाय. उद्यापास्नं ये."

कप्तान हे नाव लोकांनी ठेवलेलं. नौदलात ते कोठारात होते. डाळ, तांदूळ, साबण आणि दोरखंड यांचे राखणदार. गाव सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडचं. घरात बाप फौजेत, चुलते फौजेत, दोन्ही भाऊ फौजेत. भरतीच्या दिवशी हे चुकीच्या रांगेत उभे राहिले आणि जहाजावर पोचले. भावकीनं ती नोकरी कधी मानली नाही. सुट्टीवर गेले की चुलते पारावर बसून विचारायचे, "काय रं, पानी राखून आलास व्हय? कुनी चोरलं न्हाई न्हवं?"

आमची कचेरी पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, कपाटातले शंख किणकिणायचे आणि बरण्यांमधले मासे मान हलवल्यासारखे हलायचे. दुसऱ्या कुणी जागा बदलून मागितली असती. कप्तान खुर्चीत रेलून डोळे मिटायचे. "इंजिन चालू झालं. चला, कामाला लागा." वीज गेली की खरोखर अस्वस्थ व्हायचे. "जहाज थांबलंय," म्हणायचे आणि गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. सगळ्या समुद्री जिवांवर पिठाचा पातळ थर असायचा. आमचा तारामासा तर भाकरी थापायला घेतल्यासारखा दिसायचा.

पृथ्वीचा गोल विकत आणण्याऐवजी त्यांनी मिरजेच्या तंबोरे करणाऱ्याकडून एक तडकलेला भोपळा आणला आणि त्यावर समुद्र निळे रंगवले. त्यामुळं आमच्या तालुक्यातली कित्येक मुलं पृथ्वीला वर देठ असतो असं समजत मोठी झाली. मी एकदा हरकत घेतली. ते म्हणाले, "असू दे. धरायला बरं पडतंय."

पण त्यांचा मुख्य धडा कृष्णेच्या घाटावर व्हायचा. मुलांना पायऱ्यांवर बसवून ते विचारायचे, "समुद्र कुठं हाय?" मुलं पश्चिमेकडं बोट दाखवायची, मीही दाखवायचो. ते सगळ्यांची बोटं उलटी फिरवायचे. "त्यो लोकांचा. आपला तिकडं, पूर्वेला. आपली माई सगळा देश चालत जाती आन तिकडच्या समुद्राला मिळती. तुमी हितं जे टाकताय त्ये तिच्या ओट्यात जातंय, आन तितं कासवाच्या ताटात वाढलं जातंय." मग घाटावर कुणी काही पाण्यात सोडताना दिसलं की मुलांची फौज घेऊन हात जोडत पुढं जायचे. एकदा एका बाईनं फुटक्या चपला आणि जुन्या गादीचा कापूस पाण्यात सोडायला आणला होता. कप्तान म्हणाले, "ताई, हे कासव खाईल आन मरंल." बाई म्हणाली, "मग कासवाला सांगा की, बघून खा म्हणावं." मुलं हसली. कप्तानही हसले आणि तिचं गाठोडं स्वतःच्या सायकलीला बांधून घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला ती बाई गाठोडं घेऊन थेट कचेरीतच आली. पुढं महिनाभर आमचा सागर विभाग म्हणजे गावची अडगळीची खोली झाला होता.

खऱ्या समुद्राचं पाणी आमच्याकडं कॅनमधून यायचं. रत्नागिरीच्या एस.टी.चा एक ड्रायव्हर त्यांचा दोस्त होता, तो भरून आणायचा. मुलांना आम्ही ते बोटावर घेऊन चाखायला द्यायचो. दुष्काळात आम्ही तो कॅन घेऊन आटपाडीकडच्या एका गावात उतरलो. स्टँडवरच बायका घागरी घेऊन धावत आल्या. पाण्याचा कॅन दिसला होता ना! खारं आहे म्हणून सांगेपर्यंत एका म्हातारीनं ओंजळ भरून तोंडाला लावली होती. थुंकली आणि कप्तानांकडं बघत राहिली. "आवं, येवढं पानी असून असलं व्हय? आसं कुनी केलं वो?"

त्या दिवशी वर्ग झाला नाही. आल्या गाडीनं आम्ही विट्यापर्यंत मागं गेलो, गोडं पाणी घेऊन परतलो आणि ते वाटलं. तेव्हापासून दुष्काळी भागात जाताना आमच्याकडं दोन कॅन असत. त्यांचा नियमच होता, "आधी पानी, मंग समुद्र."

असे त्यांचे बरेच नियम होते. पण सगळ्यांत कडक नियम माझ्यासाठी होता. जोवर मी सागर विभागात आहे, तोवर समुद्र बघायचा नाही.

"बघितलेली मानसं काय सांगत्यात? भजी कुठं चांगली मिळत्यात त्ये. न्हाईतर म्हनत्यात, लय मोठा असतो. झालं! खलास! न बघितलेला मानूस घाम गाळून सांगतो. एक-एक लाट हातानं बांधतो. तू बघितलास, की माझ्या कामातनं गेलास."

मला यात काही अडचण वाटत नव्हती. मला बस लागते.

अडचण लग्न ठरताना आली. मुलगी साताऱ्याची. सासरे पोस्टात होते. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

माझे मामा म्हणाले, "समुद्राचं शिकवतो."

"कुठं?"

"सांगलीत."

मग सासरे म्हणाले, "पोहे घ्या."

तरी लग्न झालं. का झालं ते मला पुढं कळलं. हिला लहानपणापासून समुद्राचं वेड. हिनं मनाशी हिशेब केला, समुद्राचं शिकवणारा नवरा म्हणजे दर सुट्टीला समुद्र. लग्नानंतर आठवड्यात हिनं विचारलं, "कधी निघायचं?" मी नियम सांगितला. ही माझ्याकडं बघत राहिली. "म्हणजे हलवायाच्या घरी दिलं मला, आणि हलवायाला गोड वर्ज्य!"

कप्तान तिला म्हणाले, "सूनबाई, तुमी जावा की खुशाल. माहेरच्या मानसांसंगं जावा. ह्याला तेवढा न्यायचा न्हाई."

"एकटीनं जाऊन काय करू, काका?"

"समुद्र एकट्यानंच बघायचा असतो."

"मग तो तुम्हाला लखलाभ," ही म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली. तो विषय तिथं संपला असं आम्हा दोघांनाही वाटलं. बायकांच्या बाबतीत कप्तान माझ्याइतकेच अडाणी होते.

पुढच्या वर्षी हिला दिवस गेले. आई कौतुकानं विचारू लागली, "काय खावंसं वाटतं गं? चिंच? कैरी? आंबोळी?" ही सगळ्याला नको म्हणायची. मग एके दिवशी, शेजारच्या दोघी बसल्या असताना, हिनं सांगितलं. "मला काही खायचं नाही. मला यांना समुद्र बघताना बघायचंय."

आई म्हणाली, "आमच्या वेळी चिंचेवर भागत होतं बाई."

बातमी कचेरीत पोचली तेव्हा गिरणी जोरात चालू होती. कप्तानांनी माझ्याकडं पाहिलं. "डोहाळा हाय म्हनतोस?"

"हो."

"असा कुठं असतो व्हय डोहाळा?"

"आहे खरा."

ते खुर्चीतून उठले आणि वीज असूनही गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. माणूस जहाजावरचा असला तरी खंडाळ्याकडचा होता. पोटुशीचा डोहाळा पुरवला नाही तर पोराची लाळ गळते, हे त्यांच्या रक्तात होतं. एकीकडं नियम, दुसरीकडं माझ्या पोराची लाळ.

पहिल्यांदा त्यांनी पळवाट काढली. एस.टी.तून दोन कॅन जास्तीचे मागवले, आमच्या अंगणात पितळी परात मांडली, तळाला वाळू, कडेला शंख, एक जिवंत खेकडा, आणि मला परातीसमोर उभं केलं. "हं, बघ! सूनबाई, बघा ह्याच्याकडं!" मी जमेल तेवढे डोळे विस्फारले. खेकड्यानं माझा अंगठा धरला, तेव्हा ते आपोआप विस्फारले गेले.

ही म्हणाली, "छान आहे, काका. पण परात आहे."

मग त्यांनी नावेतलं डोहाळजेवण मांडलं. आपल्याकडं चांदण्यातलं करतात, झोपाळ्यावरचं करतात, नावेतलंही करतात. त्यात नवल नाही. पण सुकाणू कप्तानांनी स्वतः घेतलं होतं. ठेवणीतला पांढरा गणवेश, टोपी, सगळं. जन्मभर जहाजाच्या कोठारात बसलेल्या माणसाला नाव कशी चालवतात ते बघायला कधी मिळालं असणार? काठापासून दोन हातांवर ती जी वाळूत रुतली, ती रुतली. नावाड्यानं गुडघाभर पाण्यात उतरून एकेका सवाष्णीला हात देऊन उतरवलं. कप्तान शेवटी उतरले. जहाज सोडताना तसाच रिवाज असतो म्हणाले. ही पानावरचं सगळं जेवली, ओटी भरून घेतली, त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "जेवण छान झालं. डोहाळा राहिला."

दुसऱ्या दिवशी ही स्वतः कचेरीत आली. गिरणीचा जिना चढून, पोटावर हात ठेवून. कप्तानांनी मणका पुसून पुढं केला. ही त्यावर बसली.

"काका, खरं सांगा. यांना का नाही बघू देत?"

कप्तान बराच वेळ भोपळ्यावरचा समुद्र पुसत राहिले. मग म्हणाले, "माझी आय होती. मी सुट्टीवर गेलो की भाकरी थापता थापता इचारायची, 'समुद्र कसा असतो रं?' मी म्हनायचो, 'लय मोठा असतो, आये.' ती वाट बघायची. मी पुढचं काय बोलायचो न्हाई. बोलायला येतच न्हवतं. दर सुट्टीला तिचं त्येच, माझं त्येच. एका सुट्टीला गेलो तवा इचारायला ती न्हवती. रोज बघितला, सूनबाई, आन एकदाबी सांगता आला न्हाई. म्हनून म्हनलं, न बघितलेला एक मानूस तयार करतो. त्यो तरी सांगंल."

मी खिडकीतून खाली गिरणीच्या रांगेकडं बघत होतो. अशा वेळी कुठं बघायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

ही म्हणाली, "काका, आईंना समुद्राचं काय करायचं होतं? तुम्ही चुलीपाशी बसून बोलत राहावं, एवढंच हवं असेल त्यांना."

खाली गिरणी थांबली. नेमकी वीज गेली होती. पहिल्यांदाच कप्तान गॅलरीत गेले नाहीत.

"एस.टी. सकाळचीच बरी," ते म्हणाले. "उन्हाच्या आत घाट उतरू."

आता नोकरीचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. परतल्यावर पहिल्याच शाळेत मी वर्गासमोर उभा राहिलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, "मुलांनो, समुद्र... खूप मोठा असतो." पुढं काही येईना. मुलं वाट बघत होती. एरवी तासभर घाम गाळून लाटा बांधणारा मी, भोपळा हातात घेऊन नुसता उभा. मागून कप्तानांचा आवाज आला, "गेला. मानूस गेला माझा." त्यांनी मला नदी शिकवायला दिली, आणि समुद्राला आटपाडीचा एक तरुण आणला, त्यानं समुद्र सोडाच, दोन्ही काठ भरून वाहणारी नदीही पाहिली नव्हती. तो फार सुंदर शिकवायचा. त्याचा वर्ग ऐकताना मलाही एकदा समुद्र बघून यावंसं वाटायचं.

तर आम्ही निघालो. आई ओरडत राहिली, "पाचव्या महिन्यात घाट?" हिला काही झालं नाही, घाटात उलट्या मला झाल्या. घाट उतरल्यावर कप्तानांनी खिशातून मोठा रुमाल काढला आणि माझ्या डोळ्यांवर बांधला. म्हणाले, "खिडकीतनं तुकड्या-तुकड्यानं बघू नगंस. सगळा एकदम बघ." समोरच्या बाकावरच्या एका आजोबांना माझी दया आली. "डोळ्याचं हाय काय वो? मग मिरजंला दवाखान्यात दावा की. उलट्या गाडीत बसलाय तुमी!"

रत्नागिरीजवळच्या समुद्रकाठच्या एका गावात उतरलो. एका बाजूनं हिनं माझा हात धरला होता, दुसऱ्या बाजूनं कप्तानांनी. पायाखाली वाळू आली. एक आवाज येत होता. आजवर मी तो तोंडानं काढून दाखवत आलो होतो, त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जाळी विणत बसलेले लोक हसत असावेत, कारण कप्तान त्यांना म्हणाले, "हसा, हसा. आमचं खातं हेच हाय."

मग ते हिला म्हणाले, "सूनबाई, तुमी ह्याच्या म्होरं हुबं ऱ्हावा. मी हाय हितंच." आणि समुद्राकडं पाठ करून, माडांकडं तोंड करून, ते वाळूत मांडी घालून बसले.

ही म्हणाली, "काका, तुम्ही नाही बघणार?"

"माझा बघून झालाय. पुन्ना त्येच म्हनावं लागंल. सोडा रुमाल."

हिनं गाठ सोडली.

मी काय पाहिलं ते सांगत बसत नाही. सांगता आलं असतं तर नदीवर बदली कशाला झाली असती? मी उभा होतो एवढं आठवतं. चपला भिजल्या, मग धोतराचा काठ भिजला, ते नंतर घरी आईनं दाखवलं. किती वेळ उभा होतो तेही हिलाच ठाऊक.

मग पाण्यात काहीतरी खळबळलं म्हणून बाजूला बघितलं. कप्तानांना कॅन भरून न्यायचा होता. ते समुद्राकडं पाठ ठेवून, एकेक पाऊल मागं टाकत, गुडघाभर पाण्यात गेले होते आणि पाठीमागं हात करून कॅन बुडवत होते. एक मोठी लाट आली आणि त्यांची टोपी घेऊन गेली. टोपी कुठं गेली हे बघायला माणूस वळणारच. पण ते वळले की नाही, ते आजही कुणाला माहीत नाही. मी पुन्हा समोर बघायला लागलो होतो, जाळी विणणारे जेवायला गेले होते, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा अख्खा ओला होता. त्यातलं लाटेचं किती ते कोण सांगणार?

येताना गाडीत ते पुढच्या बाकावर ड्रायव्हरपाशी बसले आणि घाट संपेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. काय बोलत होते ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण थांबत नव्हते, एवढं खरं. ही खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी हळूच विचारलं, "कसा वाटला?"

"कोण?"

"समुद्र."

"तो मी कुठं पाहिला?" ही म्हणाली. "मी सगळा वेळ तुमच्याकडंच बघत होते. पुन्हा यावं लागेल."